गच्चीवरची बरणी

मुकादमानं दोरी ओढली आणि बेल्ट थांबला. पट्ट्यावरचा कोळसा जागच्या जागी थबकला. कोळशातून वेचलेला दगड बेल्टवाल्याच्या हातात तसाच राहिला. दोरी ओढायची ती कुणाचा हात अडकला तर, नाहीतर पट्टा फाटला तर. त्यानं आधी आपले हात पाहिले, मग पट्टा पाहिला. दोन्ही धड होते.

"घरी जा," मुकादम म्हणाला. "माझी गाडी घेऊन जा."

मुकादम आपल्या मोटारसायकलला कुणाला हात लावू द्यायचा नाही. बेल्टवाल्यानं दगड खाली ठेवला.

घरी बायकोला पलंगावर आणून निजवलं होतं. शेजारच्या वहिनी उशाशी बसल्या होत्या.

"गच्चीवर पडल्या होत्या, भाऊजी. मी दवाखान्यातून आले, हाक मारली, ओ आली नाही म्हणून वर गेले. डॉक्टरला बोलावलं, पण..."

बायकोच्या मुठीत ओलं फडकं होतं. ते कुणी काढलं नव्हतं. त्यानं एकेक बोट सोडवून ते काढलं आणि कुठे ठेवावं ते न सुचून गच्चीवरच्या तारेवर नेऊन टाकलं. तारेवर दुसरं काहीच वाळत नव्हतं. हे त्याच्या ध्यानात आलं आणि मग माणसं जमू लागली तसं निघूनही गेलं.

मुलगी आली, राहिली, परत निघाली. दारात थांबून म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला. इथे काय आहे आता?"

"घर पुसायचं आहे," तो म्हणाला.

मुलगी रडता रडता हसली.

खाणीजवळच्या त्या गल्लीत सकाळी उशीवरून डोकं उचललं की डोक्याखाली तेवढीच पांढरी जागा उरलेली असे. बायको उठल्या उठल्या खिडक्या ओल्या फडक्यानं पुसायची, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. तिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते, असं गल्लीतले लोक म्हणत. तो कामावरून आला की ती त्याला मागच्या नळावर अडवायची. "खाण बाहेर ठेवा आणि मग आत या." आता अडवणारं कुणी नव्हतं. तरी तो नळावर थांबायचा, कानामागेसुद्धा घासायचा, आणि आत येऊन खिडक्या पुसायचा. कोपरे त्याला तिच्यासारखे जमत नव्हते.

गल्लीच्या मागूनच कोळशाचे ट्रक जात. वर ताडपत्री कधी असे, कधी नसे. रस्ता वळवा म्हणून गल्लीचे खाणीच्या ऑफिसात खेटे घालून झाले होते. पलीकडच्या वस्तीमागचा रस्ता वळवला गेला, इथला नाही. कारण ऑफिसच्या हिशेबानं या गल्लीची हवा चांगली होती. बेल्टवाल्याची गच्ची सगळ्यांत उंच, म्हणून तिथे लोखंडी तिवईवर रुंद तोंडाची एक बरणी ठेवलेली असायची. तळाशी थोडं पाणी. महिनाभर तीत धूळ पडायची, मग ऑफिसचा माणूस येऊन ती तपासायला न्यायचा आणि दुसरी ठेवायचा. गल्ली त्याला बरणीवालाच म्हणायची. आणि दर वेळी या बरणीत धूळ निघायची ती नावापुरती.

"तुमची बरणी आंधळी आहे का हो?" शेजारच्या वहिनी त्याला विचारायच्या. त्यांचं पोर दम्याचा पंप उशाशी घेऊन झोपायचं. "माझ्या पोराच्या छातीवर ठेवा एकदा, मग बघा काय भरतं ते."

"मी नुसता हमाल, वहिनी," बरणीवाला म्हणायचा.

बायको गेली तेव्हा तो दारातली गर्दी पाहून तसाच परत फिरला होता. पुढच्या महिन्यात आला तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला.

"ताई मला चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत," तो म्हणाला.

बेल्टवाल्यानं चहा केला. साखर फार झाली होती. दोघांनी तो पिऊन टाकला आणि वर गेले.

बरणीवाला बरणीत वाकून पाहतच राहिला. आत पाणी दिसत नव्हतं. वर काळी साय धरली होती.

"हे काय?"

"का? काय झालं?"

"दोन महिन्यांची धरली तरी इतकी? तुमच्या बरणीतलं पाणी असं असायचं, की तहान लागली तर प्यावं."

बेल्टवाल्याची नजर तारेकडे गेली. फडकं तिथेच होतं, वाळून पत्र्यासारखं ताठ झालेलं.

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही येणार होतात," तो सावकाश म्हणाला.

"हो. आलो होतो की."

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी ती नेहमी वर यायची. मी म्हणायचो, त्यांची बरणी, तुला काय करायचंय? तर म्हणायची, लोकांचं भांडं असं काळं परत देतात का? या घरात बाई आहे की नाही, असं म्हणतील ते. मला वाटायचं, बाहेरून पुसते."

बरणीवाला हातातलं झाकण फिरवत राहिला. "म्हणजे आतलं पाणीसुद्धा..."

"बदलत असणार. बाहेरून पुसून थांबणारा हात नव्हता तिचा."

मागून एक ट्रक गेला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. धूळ उठली, गच्चीपर्यंत आली आणि बसली.

"साहेब ही बरणी धरणार नाहीत," बरणीवाला म्हणाला. "आजवर स्वच्छ आणि आताच अशी? म्हणतील, रस्त्यासाठी कुणीतरी मूठभर कोळसा टाकला. आधीच्या बरण्या धुतलेल्या होत्या हे कुणी सांगितलं, तरच काही होईल. गुरुवारी सभा आहे."

"सभेला सगळी गल्ली असणार."

"असणारच. गल्लीचीच सभा आहे." त्यानं बरणीला झाकण लावलं, ती पिशवीत घातली आणि नवी तिवईवर ठेवली. "मी माझ्या तोंडानं बोलणार नाही. ताईंचा चहा प्यायलोय मी. तुम्ही काय ते ठरवा. फक्त हिला कुणाला हात लावू देऊ नका."

"आता कोण लावणार," बेल्टवाला म्हणाला.

बेल्टवर उभा राहून तो दगड वेचता वेचता वाक्य जुळवू लागला. माझी बायको बरणी धुवायची. एवढंच वाक्य होतं. पण ते ऐकल्यावर गल्ली कुणाकडे बघेल ते त्याला दिसायचं. पाय पुसून येणाऱ्या माशीची गोष्ट सांगणारे लोकच म्हणतील, हिच्यापायी आपण धूळ खाल्ली. आणि उलटून बोलायला ती नसेल. 'आमच्या घरातून कुणीतरी' असंही त्यानं म्हणून पाहिलं. पण घरात दोघंच तर होती. शेवटी त्यानं पहिलंच वाक्य ठेवलं. वहिनींच्या पोराचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा, तेव्हा ते पाठ करायला सोपं जायचं.

गुरुवारी सकाळी वहिनी बादली आणि फडकं घेऊन दारात आल्या.

"भाऊजी, जरा वर जाऊन येते. काल वर डोकावले तेव्हा दिसली ती बरणी. नवी ठेवून गेला तर चार दिवसांत काळी. आज साहेबलोक यायचे, कुणी बघायला वर चढलं तर ताईंचं नाव जाईल."

तो उंबऱ्यातच उभा राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं धुवायला?"

"कुणी म्हणजे? ताईंनीच. शेवटी शेवटी जिना चढवायचा नाही त्यांना. मीच धुवायचे की." वहिनी थोडं हसल्या. "खालून ओरडायच्या, आतून नीट घास, नुसती बाहेरून चमकवू नकोस. मोजायचं ते मशीन मोजतं, आपण भांडं स्वच्छ द्यायचं, म्हणायच्या. त्या दिवशीसुद्धा मीच जाणार होते. पोराचा दम वाढला म्हणून दवाखान्यात पळाले, नाहीतर त्या कशाला चढल्या असत्या."

बेल्टवाल्यानं त्यांच्या हातातली बादली घेतली आणि खाली ठेवली. थोडं पाणी सांडलं. ते फरशीवरून वाहत गेलं आणि जाताना काळं झालं. त्यानं सकाळीच फरशी पुसली होती.

"राहू द्या आज," तो म्हणाला.

"का?"

"बसा, वहिनी."

"चहा टाकू का?"

"मी टाकतो. तुम्ही बसा."

वहिनी फडकं मांडीवर घेऊन बसल्या. शेजारून पोर खोकलं, त्यांनी मान वळवून कानोसा घेतला, खोकला थांबल्यावर पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं गॅस पेटवला. साखर या खेपेला बेतानं घातली. सभेला अजून वेळ होता. तिथे बोलायचं वाक्य पाठ होतं, पण त्यातली माणसं आता बदलली होती.

चहा गाळून झाला. बरणी धुतल्यानं काय झालं, ते त्याला वहिनींना अजून सांगायचं होतं.