भांडणाचा स्वेटर

सुईकाकूंच्या घरी बसायचं झालं, तर आधी खुर्चीवरून हात फिरवायचा, असा सगळ्या गल्लीचा शिरस्ता होता. कुठल्या उशीखाली कुठली सुई दबा धरून बसली असेल, ते खुद्द काकूंनाही सांगता यायचं नाही. एकदा पोस्टमन घाईघाईत बसला आणि असा काही उठला, की पत्र हातात तसंच घेऊन पुढच्या चौकात जाऊन थांबला म्हणे.

काकूंचं एका विणकामावर कधी भागलंच नाही. एका वेळी चार तरी हवीतच. बरं, चारही कशीही, हाताला येईल ते, असं नाही हं. प्रत्येकाची जागा ठरलेली. सकाळी त्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायच्या, तिथे सुनेचा कार्डिगन. साधा, सगळा सुलट, डोकं लावायची गरज नाही. आतून पेशंटची किंकाळी आली तरी काकूंचा टाका सुटत नसे. दुपारी जिन्याखालच्या दुकानात काका डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसायचे, त्यांच्या शेजारी बसून काकांचाच स्वेटर. तिथे भिंतभर टिकटिक चाललेली. तिच्या तालावर टाके असे पडायचे, जसे रांगेत उभे केलेले शिपाई. संध्याकाळी बहिणीचा फोन यायचा, तेव्हा बहिणीचा स्वेटर. त्याला मात्र लगाम घालावा लागे. एकदा दोघींच्या गप्पा अशा रंगल्या, की फोन ठेवला तेव्हा स्वेटरची पाठ जिना उतरून दुकानात पोचली होती आणि एक गिऱ्हाईक तिच्यावर पाय पुसत उभं होतं.

आणि चौथा, भांडणाचा स्वेटर.

हा विणायचा फक्त कुणाशी तरी वाजलं की. राग आला की काकूंची बोटं आवळायची, लोकर ताठ व्हायची आणि टाके असे घट्ट बसायचे, की दृष्ट लागावी. वेणीच्या नक्षीला तसाच हात लागतो. गोड मनाने विणलेली वेणी मरगळलेली दिसते, आजारातून उठल्यासारखी. मीटर बघायला येणाऱ्या माणसाशी झालेल्या एका वादात काकूंनी भाचरासाठी टोपडं विणलं होतं. त्यात पाणी भरलं तरी गळायचं नाही, अशी त्याची ख्याती.

या वर्षीचा भांडणाचा स्वेटर होता भावोजींचा, म्हणजे नणंदेच्या यजमानांचा. आता गंमत बघा. भावोजींइतका गरीब माणूस शोधून सापडला नसता. उभा जन्म ग्रंथपाल म्हणून काढलेला, त्यामुळे घरीसुद्धा कुजबुजतच बोलायचे. मीठ मागायचं तर शेजारच्याच्या कानाशी झुकून मागायचे.

नणंद म्हणजे वन्सं. त्या शाळेत हस्तकला शिकवायच्या, आणि निवृत्त झाल्या तरी जगाच्या वह्या तपासणं थांबलं नव्हतं. त्यांचं तत्त्व एकच. एका वेळी एकच काम, आणि हातात घेतलेलं पुरं केल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. एक दिवस त्या भावोजींना घेऊन काकूंकडे आल्या आणि टॉवेल काढायला म्हणून कपाट उघडलं. झालं! वरच्या फळीवरून लोकरीचे गोळे, अर्ध्या बाह्या, सुया असं सगळं त्यांच्या अंगावर कोसळलं.

"अगं, हे कपाट आहे की मेंढरांचा कळप?" वन्सं केसात अडकलेली हिरवी लोकर सोडवत म्हणाल्या. "चार चुली पेटवल्या की भात एकीवरही शिजत नाही, कितीदा सांगू?"

"शिजतो की, वन्सं. चारही शिजतात. येत्या रविवारपर्यंत चारही स्वेटर अंगात दिसतील."

"आणि नाही दिसले तर?"

"नाही दिसले तर हे कपाट तुमचं. लोकर, सुया, सगळं घेऊन जा. मी एक सुयांची जोडी ठेवीन आणि मरेपर्यंत एका वेळी एकच विणीन."

काका जिन्यातच थांबले. बायको असलं काही बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. काकूंना एका जोडीवर बसवायचं म्हणजे चिमणीला सांगायचं, आजपासून एकाच फांदीवर बस बाई. पण काकूंच्या चेहऱ्यावर चिंतेची रेघ नव्हती.

"आणि पुरे झाले तर?" वन्संनी विचारलं.

"तर तुमचं ते 'एका वेळी एक' पुन्हा माझ्या घरात ऐकू यायला नको."

"कबूल. रविवारी आमच्याकडे जेवायला या. पान वाढायच्या आत चारही झालेले हवेत. निवाडा हे देतील." हे म्हणजे भावोजी. ते बिस्किट खात होते. त्यांनी मान हलवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण काकूंना फुशारकी मारायची भारी हौस. "माझे तीन तर झाल्यातच जमा आहेत," त्या म्हणाल्या. "चौथ्याची एक बाही तेवढी राहिलीय. एक चांगलं कडकडीत भांडण झालं, की बाही खांद्याला लागलीच म्हणून समजा."

वन्संनी हातातली हिरवी लोकर नीट गुंडाळली. आणि हसल्या. वन्सं हसल्या की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बाहीचे टाके घातले आणि भांडण शोधायला निघाल्या. भाजीवाली हक्काची होती. तिच्याशी रोज एकदा तरी जुंपायचीच. "हे टोमॅटो आहेत की चेंडू?" काकूंनी सुरुवात केली.

"खरंय हो काकू, आज माल काही बरा नाही," भाजीवाली म्हणाली. "तुम्ही निवडून घ्या, सावकाश."

काकू चकित. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला धरलं. "सगळ्या गावाची घड्याळं दुरुस्त करता आणि स्वयंपाकघरातलं वर्षभर बंद! लाज वाटते का?"

"तुझंच बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांनी स्टूल घेतलं, घड्याळ काढलं आणि दुरुस्त करून परत लावलंसुद्धा. इतक्या वर्षांच्या संसारात असं आक्रीत झालं नव्हतं.

दवाखान्यात एका पेशंटला मुद्दाम ताटकळत ठेवलं, तर तो म्हणाला, "बसतो की, तुमचं विणकाम बघायला छान वाटतं." सुनेला म्हणाल्या, चहा पाणचट झालाय. तिने मुकाट्याने दुसरा केला, तोही वेलची घालून!

तेव्हा काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. "खरं सांग," त्यांनी सुनेचा हात धरला, "कुणी शिकवलं?"

सून ओठ चावत हसली. "आत्यांनी सगळ्यांना फोन केलेत. रविवारपर्यंत आईंना राग येईल असं कुणी वागायचं नाही. भाजीवालीला तर त्या स्वतः भेटून आल्या."

"अस्सं!" काकू म्हणाल्या, आणि मनातल्या मनात त्यांनी नणंदेला शाबासकी दिली. डाव खेळावा तर असा! पण शाबासकी दिली आणि राग आणखी निवला.

बाही तर विणायला हवी होती. त्यांनी तशीच विणायला घेतली. शांतपणे, खिडकीत बसून. झाली ती अशी ऐसपैस, की भावोजींचा हात जाऊन शिवाय आत दोन मांजरं झोपली असती. उसवली. बारीक सुया घेतल्या. टाके लहान झाले खरे, पण वेणी अशी निपचित पडली, की बघवेना. तीही उसवली. बाकीचे तीन मात्र धडाधड पुरे होत गेले. बहिणीचा पार्सलने पोचला, अंगात बसल्याचा फोनही आला. काकांचा झाला, सुनेच्या कार्डिगनला बटणं लागली. एक बाही तेवढी हटून बसली होती.

"मग आता?" शनिवारी काकांनी हळूच विचारलं. कपाटाकडे बघून त्यांनाच गलबलून आलं होतं. ते कपाट गेलं, तर दुकानात शेजारी कोण बसणार?

"आता काय? उद्या जेवायला जायचं," काकू म्हणाल्या. "जरा लवकर निघू. ज्यांनी भांडणं बंद केलीत, त्यांच्याच दारात उघडून घेते."

रविवारी सकाळी वन्सं दारातच गोड हसल्या. "या, या! थकलीस ना गं? बस आरामात." स्वतः उशी आणून काकूंच्या पाठीशी लावली. काकूंनी तिच्याखाली सवयीने हात फिरवला, पण वन्संच्या घरात सुई कशी सापडणार! काका आणि सून नवे स्वेटर मिरवत कोपऱ्यात बसले. भावोजी चहाचा ट्रे घेऊन आले आणि काकूंच्या कानाशी कुजबुजले, "साखर कमी घातलीय."

काकूंनी पिशवीतून बाही काढली. मनगटाचा काठ तेवढा झाला होता. वन्सं समोरच बसल्या, नजर ठेवायला. पहिली वेणी आली. तीन टाके वेगळ्या सुईवर घ्यायचे आणि पुढे धरायचे, मग पुढचे विणायचे, की वेणीला पीळ पडतो. अख्ख्या स्वेटरभर पीळ एकाच बाजूला होता. काकूंनी ते तीन टाके पुढे धरायच्या ऐवजी मागे टाकले. पीळ पडला उलट्या दिशेला.

वन्संचं लक्ष गेलं. त्यांनी चटकन नजर वळवली आणि टेबलावरचा नीट घातलेला रुमाल पुन्हा नीट घातला.

काकूंनी पुढची वेणीही उलटीच वळवली. तोंडाने गुणगुणत.

वन्संनी पाण्याचा ग्लास उचलला. प्यायल्या नाहीत. ज्या बाईने सगळं आयुष्य मुलींच्या शिवणातला वाकडा टाका दुरून ओळखण्यात घालवलं, तिच्या नाकासमोर हे चाललेलं! त्यांचे कान लाल झाले. मग मान. खुर्चीचा हात त्यांनी असा धरला होता, की तो कुरकुरला.

काकूंनी तिसऱ्या वेणीला हात घातला.

"अगं, उलटी!" वन्सं कडाडल्या. "उलटी चाललीय वेणी, दिसत नाही का? डोळे आहेत की बटणं?"

"मला अशीच आवडते," काकू शांतपणे म्हणाल्या.

"आवडते? वेणी काय तुझ्या आवडीवर चालते? एक बाही उजवीकडे, एक डावीकडे! माणूस घालेल तर रस्त्यात गोल फिरेल! म्हणून सांगते, चार ठिकाणी लक्ष ठेवलं की असंच होतं!"

"चार ठिकाणी लक्ष ठेवायला आधी लक्ष असावं लागतं, वन्सं. तुम्ही पडदे शिवलेत ते बघा, एक गुडघ्यापर्यंत आणि एक घोट्यापर्यंत!"

"पडद्यांचं नाव काढायचं नाही! कापड तू आणलं होतंस!"

"आणि माझी छत्री कोणी नेली?"

काका आणि सून खुर्च्या मागे सरकवून भिंतीला टेकले. काकूंचे डोळे चमकले, बोटं आवळली. उलट्या वेण्या त्यांनी एका झटक्यात उसवल्या आणि सुया सुरू झाल्या. छत्रीवरून गाडी फोटोवर गेली, कोण कोणाच्या पुढे उभं राहिलं म्हणून. फोटोवरून चहाच्या गाळणीवर. वन्सं एकेक जुनं उकरून काढत होत्या आणि बाही वाढत होती. कोपर आलं, कोपर गेलं. सुयांचा असा काही आवाज निघत होता, की भावोजींनी खिडकी उघडून बघितलं, गारा पडताहेत का. सून नंतर शपथेवर सांगायची, सुयांच्या टोकांतून धूर निघताना तिने स्वतः पाहिला.

"हुश्श," काकूंनी टाके बंद केले. "झाली. आता जोडली की झालं." त्यांनी जाड सुईत लोकर ओवली आणि मुद्दाम भलामोठा पहिला टाका घातला.

"ए, ए! ही शिवण आहे की गाठोडं बांधतेयस?" वन्संनी स्वेटर हिसकावलाच. "बाही अशी लावतात. बघ. आणि शीक जरा." बारीक, सारखे टाके घालत त्या खांद्यावरून वळल्या, बगलेतून परत वर आल्या. तोंडाचा पट्टा सुरूच होता. शेवटचा एक टाका राहिला, आणि सुई हवेतच थांबली.

वन्संना आता कळलं होतं, त्या काय करत बसल्यात ते. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू रिकाम्या सुया पिशवीत भरत होत्या. हा एक टाका न घालताच पान वाढायला उठलं, की कपाट वन्संचं. स्वयंपाकघरात पानं मांडलेली, वाढायचंच बाकी.

वन्संनी स्वेटर मांडीवर ठेवला. पुन्हा उचलला. हातात घेतलेलं काम अर्धं खाली ठेवायचं, हे त्यांच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. पन्नास मुलींच्या वर्गापुढे असो की पैज लागलेली असो, बोटं ऐकेनात.

"तू ना, महाबिलंदर आहेस," त्या म्हणाल्या, आणि टाका घालून दाताने लोकर तोडली.

भावोजींनी स्वेटर अंगात चढवला. आधी डोकं अडकलं, मग एकेक हात मोठ्या कष्टाने बाहेर आला. बसला मात्र असा, जसा अंगावरच विणलाय. त्यांनी छाती फुगवून बघितली. घसा साफ केला. आणि त्या माणसाच्या तोंडून असा आवाज निघाला, की कपाटातल्या बशा वाजल्या.

"वहिनी जिंकल्या! आणि चहाचं पार गार पाणी झालंय! दुसरा करा, या खेपेला साखर घालून!"

सगळ्यांत आधी वन्सं भानावर आल्या.

"अहो, काढा तो स्वेटर आधी!"

"नाही काढणार!" भावोजी गरजले, आणि टेबलाच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसले.