दाढेखालचं मेण

मेणबत्तीच्या कारखान्यात आत्याला पगार होता तो चावण्याचा. बाकीचे लोक मेण वितळवत, साच्यात ओतत, वाती बांधत, आत्या चावायची. मधमाशीच्या मेणाची लादी आली की नखाने तिचा हरभऱ्याएवढा तुकडा काढायचा, दाढेखाली धरायचा, मनात शंभर मोजायचे आणि निकाल द्यायचा. शुद्ध मेण दातांना चिकटत नाही. चरबी, राळ असलं काही मिसळलेलं असेल तर ते दात धरून बसतं. नियम एवढाच. पण नियम सगळ्यांनाच ठाऊक असतो, दाढ एखादीलाच असते.

आत्याची दाढ साधीसुधी नव्हतीच. माश्या पाळणारे एक गृहस्थ मेण आणत, त्यांना सगळे मधवाले म्हणत. एकदा तिने तुकडा चावून त्यांना सांगितलं, की माश्या मोहरीच्या शेतात गेल्या होत्या, त्या आठवड्यात आभाळ भरलेलं होतं, आणि तिसऱ्या पेटीतली राणी थकली आहे. मधवाल्यांनी घरी जाऊन पेटी उघडली, तर राणी खरंच एका पायाने लंगडत होती. तेव्हापासून ते आत्याच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. बावीस वर्षं ते लाद्या आणत होते आणि बावीस वर्षं आत्या मान डोलावत होती. गावात मेणबत्तीचे आणखी दोन कारखाने होते. तेही आत्याने पास केलेलं मेण डोळे मिटून घेत.

कारखाना भाच्याचा. त्यात सगळ्या जातींचं मेण नांदायचं. घरोघरच्या पांढऱ्या मेणबत्त्या पॅराफिनच्या. उन्हाळ्यात त्या कमरेत वाकू नयेत म्हणून त्यात स्टिअरिन. आत्याच्या आजोबांच्या वेळी जनावराच्या चरबीच्या मेणबत्त्या असत. त्या उंदीर खाऊन टाकत आणि सकाळी नुसत्या वाती उरत. एक उंदीर तर इतका माजला होता, की शेपटीला काडी लावली असती तर पहाटेपर्यंत जळला असता. आता पलीकडच्या खोलीत भाच्याची बायको सोयाचं मेण काचेच्या ग्लासांत ओतायची आणि त्यात सुवास घालायची. सोयाचं मेण मऊ. ग्लासाबाहेर स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. आत्या त्याला पाळण्यातलं मेण म्हणायची. सूनबाई ऐकून घ्यायची, पण फळीवरून आधी तिचेच ग्लास संपायचे, आणि ते आत्यालाही दिसायचं.

मधमाशीचं मेण मात्र आत्याच्याच राज्यातलं. संगीताच्या जुन्या सभागृहाला त्याच मेणाच्या उंच, निमुळत्या मेणबत्त्या लागत. तिथल्या छतावर चित्रं होती. पॅराफिनच्या काजळीने त्यातल्या एका देवदूताला एकदा मिश्या फुटल्या होत्या, तेव्हापासून सभागृहवाल्यांनी कानाला खडा लावला होता.

साठी उलटली आणि आत्याच्या दाढा डुगडुगू लागल्या. तिने कुणाला कळू दिलं नाही. बहिणीकडे हवापालटाला जाते म्हणून निघाली, ती दोन महिन्यांनी परतली. बहिणीच्या गावच्या दंतवैद्याने तिचे सगळे दात काढून कवळी बसवली होती. तो मोत्यासारखे दात दाखवत होता. आत्याने पिवळे मागितले. पुढचा एक किंचित वाकडा हवा, आणि खालच्या दोघांवर चहाचा डाग. दंतवैद्य म्हणाला, बाई, लोक नेमकं उलटं मागतात. आत्या म्हणाली, लोकांचं पोट दातांवर नाही, माझं आहे.

कवळी अशी जमली की भाच्यालाही पत्ता लागला नाही. आत्या आली त्याच आठवड्यात सभागृहाचं काम आलं आणि मधवाले सात लाद्या, चार इथल्या आणि तीन बाकीच्या दोन कारखान्यांच्या, घेऊन दारात उभे राहिले.

आत्याने तुकडा तोंडात टाकला. चाळीस मोजेपर्यंत तो मागच्या दोन दातांना चिकटला. शंभराला तर जिभेनेही सुटेना. तिने दुसरी लादी घेतली, तिसरी घेतली. सातही तशाच निघाल्या.

"भेसळ आहे," ती म्हणाली.

पॅराफिनच्या कढईवरचा माणूससुद्धा ढवळायचा थांबला. भाच्याने लादीवर नख ओढून पाहिलं, वास घेतला, त्याला तर ती चांगली वाटली. पण आत्याच्या दाढेपुढे भाच्याच्या नखाची काय टाप? सातही लाद्या पुन्हा गोणपाटात बांधून मधवाले निघून गेले.

भाच्याने दुसरीकडून मेण मागवलं. तेही चिकटलं. तिसरीकडून आलेलं त्याहून चिकटलं. आत्या म्हणू लागली, की जगातल्या सगळ्या माश्यांनीच नियत सोडली आहे. सभागृहाचा माणूस रोज येऊन उंबऱ्यावर उभा राहू लागला.

कपाटात एक मेणाचा गोळा होता. आत्याच्या भावाने, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी, स्वतः पोळं पिळून तो बनवला होता आणि नमुना म्हणून कापडात बांधून ठेवला होता. खात्री करून घ्यावी म्हणून दुपारी सगळे जेवायला गेल्यावर आत्याने त्याचा तुकडा चावला. तोही चिकटला. आत्या स्टुलावर बसली. भावाने भेसळ केली असेल, हा विचार तिच्या मनाला शिवेना. मग दोष द्यायला उरलं काय? तिने कवळी काढून हातात घेतली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

सांगावं, तर चावण्याचं काम गेलं. बिनदातांच्या बाईला कारखान्यात कोण काय विचारणार? दिवसभर सूनबाईच्या ग्लासांना चिठ्ठ्या चिकटवत बसायचं. न सांगावं, तर मधवाल्यांच्या नावाला काळं लागलेलं. दोन दिवस आत्याने ते न सांगण्यातच काढले. भाच्याला म्हणाली, घेऊन टाक मधवाल्यांचंच मेण, यंदापुरतं चालेल. भाचा म्हणाला, भेसळ आहे म्हणून तूच परत पाठवलंस ना.

तिसऱ्या दिवशी मधवाले आपणहून आले. लाद्यांची हातगाडी बाहेर उभी होती. बाकीच्या दोन्ही कारखान्यांनी आत्याचं नाव सांगून त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. ते आत्यासमोर उभे राहिले.

"आत्याबाई, भांडायला नाही आलो. मी काय मिसळलं, तेवढं नाव सांगा. माझी राणी लंगडते हे तुम्हाला कळलं होतं, मग हेही कळलं असेल. सांगा, मी पेट्या विकून टाकतो."

"काही नाही मिसळलंत."

"मग चिकटलं कसं?"

आत्या म्हणाली, त्या दिवशी सर्दी होती.

"चिकटलं ते दाताला. नाकाला नाही," मधवाले म्हणाले. "ओळखीखातर सोडलं असं लोक म्हणतील. मला तसं सुटायचं नाही."

आत्याने भाच्याकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं. मग तोंडात बोटं घातली आणि वरची, खालची अशा कवळीच्या दोन्ही फळ्या काढून टेबलावर ठेवल्या. तिचे गाल आत गेले. मागच्या दातांना मधवाल्यांचं मेण अजून होतं. इतके दिवस घासूनही निघालं नव्हतं.

कुणी हसलं नाही. आत्याने तशाच बोळक्या तोंडाने नवा तुकडा चघळून पाहिला आणि मान हलवली. हिरडीला सगळंच सारखं. मग तिने लादीचा दुसरा तुकडा काढून सूनबाईपुढे धरला. सूनबाई दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, माझं काम ग्लासातलं, मला यातलं काय कळतं?

"तुझ्या तोंडात बत्तीस आहेत," आत्या म्हणाली. ते सगळ्यांना 'फत्तीस' असं ऐकू आलं. "डाव्या दाढेखाली धर. घाई करू नकोस. थुंकी गिळू नकोस."

सूनबाईने सातही लाद्यांचे तुकडे एकामागून एक चावले. आत्या तिच्या जबड्याकडे बघत शंभर मोजत होती. सातव्या खेपेला सूनबाईने ओठ पुसले आणि जीभ सगळ्या दातांवरून फिरवली.

"एकही नाही चिकटली."

भाच्याने लाद्या आत घ्यायला सांगितल्या. मधवाल्यांनी चारच उतरवल्या; उरलेल्या तीन त्या दोन कारखान्यांच्या होत्या, आणि तिथलं दार अजून बंद होतं. आत्याने दोन्ही फळ्या पाण्याने धुऊन तोंडात बसवल्या, पदर खोचला आणि हातगाडीबरोबर निघाली.

पहिल्या कारखान्यात तिने सरळ सांगितलं, की माझे दात खोटे आहेत, मेण खरं आहे. मालकाचा विश्वास बसेना. असे पिवळे, डागाळलेले दात पैसे देऊन कोण करून घेईल? शेवटी तिला ते काढून दाखवावे लागले. काढले, तर पुढचं बोलणं कुणाला कळेना. ते मधवाल्यांनी सांगितलं. बावीस वर्षांत ते इतकं कधी बोलले नव्हते. दोन लाद्या तिथे उतरल्या.

दुसऱ्या कारखान्यात तिने दारातच दात काढून हातावर घेतले. तिथला मालक गमत्या होता. खायचे वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात हे ऐकलं होतं, आज पाहिलं, असं म्हणून तो पोट धरून हसत सुटला. त्याचे कामगारही हसू लागले. आत्या हात पुढे करून तशीच उभी राहिली.

"हसा मालक," मधवाले म्हणाले, "पण आधी लादी उतरवून घ्या."

मालकाने हसत हसतच लादीचं एक टोक धरलं.