काळजीवाहू

विभागात तिला सगळे ‘काळजीवाहू’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. एक तर ती हंगामी अध्यापक होती. पक्की जागा भरेपर्यंत गाडा ओढायचा, निर्णय मात्र कसलाच घ्यायचा नाही, अगदी काळजीवाहू सरकारासारखं. आणि दुसरं म्हणजे तिचा पीएचडीचा प्रबंध काळजीवरच होता. म्हाताऱ्या माणसांना काळजी किती असते आणि कुणाला जास्त असते, हे मोजण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. प्रबंध जमा झाला की पदवी आणि पदवी मिळाली की पक्की जागा, असं सगळं ठरल्यासारखं होतं. आता फक्त छापून, बांधून नेऊन द्यायचा बाकी होता.

पण प्रबंधाला हात लावायला सवड कुठे होती? मानसशास्त्र विभागाचं वार्षिक वार्तापत्र तिच्या गळ्यात पडलं होतं. ‘संशोधन, यश आणि उपक्रम’ असं त्याचं भारदस्त नाव. “तुमची भाषा चांगली आहे,” असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि विभागात भाषेची स्तुती झाली की काम आपल्यावर ढकललं गेलं असं समजायचं, हे ती एव्हाना शिकली होती. एकजण एका परिषदेला नुसता जाऊन बसला होता आणि ते त्याला ‘यश’ या सदरात हवं होतं. दुसऱ्याने पुष्पगुच्छ घेतानाचा फोटो पाठवला होता. त्यातून पुष्पगुच्छ देणाऱ्याला त्याने कापून काढलं होतं. हे सगळं गोड मानून छापायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं.

पहिलं पान अर्थातच सरांचं. सर म्हणजे विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शक. सरांनी एक ‘काळजी-मापिका’ तयार केली होती. दहा वाक्यं, आणि प्रत्येकासमोर चार उत्तरं: कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी. ‘नेहमी’ला सगळ्यात जास्त गुण. बेरीज एका रेघेच्या वर गेली की माणूस चिंताग्रस्त. ही मापिका शेकडो वृद्धांना लावून सरांनी शोध लावला होता की कुटुंबात राहणाऱ्या म्हाताऱ्यांपेक्षा एकटे राहणारे म्हातारे कितीतरी निश्चिंत असतात. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. ‘एकटे राहा, निश्चिंत राहा’ असा मथळाही आला. आता विद्यापीठाचं मोठं पारितोषिक मिळालं होतं आणि त्याच्या समारंभासाठी सभागृह झाडूनपुसून तयार होत होतं.

त्या शेकडो वृद्धांपैकी निम्म्यांकडे जिने चढून ती स्वतः गेली होती, हे वार्तापत्रात कुठेच येणार नव्हतं. तिचा प्रबंधही त्याच मापिकेवर आणि त्याच निष्कर्षावर उभा होता. सरांच्या भाषणात नेहमी येणारे ‘घड्याळवाले आजोबा’ तिनेच शोधले होते. घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले, एका खोलीत एकटे राहणारे गृहस्थ. त्यांचे गुण सगळ्यात कमी आले होते. सर म्हणायचे, “हा माणूस म्हणजे निश्चिंतीचा पुतळा!”

समारंभाच्या आदल्या सकाळी ती विभागातल्या जेमतेम फुलदाणी मावेल एवढ्या टेबलावर कोपर टेकून वार्तापत्राचं पहिलं पान जुळवत होती. फोन वाजला. आई.

“अगं, डॉक्टरांनी पुन्हा विचारलंय. बाबांच्या मोतीबिंदूचं काय करायचं? तू येतेस म्हणून दोनदा पुढे ढकललं.”

“आई, उद्या समारंभ आहे. मग प्रबंध छापायला द्यायचाय. त्यानंतर येते ना.”

“त्यानंतर म्हणजे कधी? त्यांना जिन्याची पायरी दिसत नाही. मला सांग, तुला घरच्यांची काळजी आहे की नाही?”

“असं काय बोलतेस? नेहमी असते!”

ती तडकून बोलली आणि तशीच थांबली. आई पलीकडून आणखी काही म्हणत होती, पण तिचं लक्ष समोरच्या पडद्यावर गेलं होतं. तिथे मापिका उघडीच होती. वाक्य चौथं: ‘मला घरच्या माणसांची काळजी असते.’ उत्तर: नेहमी.

तिने नुकतंच, रागारागात, स्वतःला चिंताग्रस्त ठरवून घेतलं होतं.

सरांनी ही वाक्यं इंग्रजीवरून घेतली होती. तिकडे धास्तीला एक शब्द आहे आणि मायेला दुसरा. आपल्याकडे दोन्हींचा भार एकटी ‘काळजी’ वाहते. ‘तिला घरच्यांची काळजी नाही’ असं कुणाबद्दल म्हटलं, तर ती बाई सुखात आहे असं कोण समजेल? तिला काळीज नाही असंच समजतील. मग कुठली आजी ‘कधीच नाही’वर खूण करणार? आणि अशी घरच्यांबद्दलची वाक्यं दहांत एक नव्हे, चार होती. कुटुंबातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने मोठ्या अभिमानाने ‘नेहमी, नेहमी’ म्हणून आपली माया सांगितली होती, आणि विभागाने त्या मायेला आजार म्हणून मोजलं होतं.

आणि घड्याळवाले आजोबा? ते तिला आठवले तसे ती खुर्चीत मागे टेकली. चौथं वाक्य वाचल्यावर त्यांनी खिडकीकडे पाहिलं होतं. “घरचं आता कोण आहे? लिही, कधीच नाही.” तिने लिहिलं होतं. वर “थँक्यू आजोबा” म्हणून हसत जिना उतरली होती.

“ऐकतेस ना?” आई विचारत होती.

“ऐकतेय. मी नंतर करते फोन.”

तिने ती चार वाक्यं वगळून पुन्हा बेरजा मारायला लावल्या. संगणकाला काय, त्याने क्षणात उत्तर दिलं. एकटे आणि कुटुंबातले, दोघांत काही फरकच उरला नाही. सरांचा शोध गेला. त्याच्यामागोमाग तिचा प्रबंधही गेला.

शेजारच्या टेबलावर पंत बसायचे. खरं तर वयाने तिच्याएवढेच, पण प्रत्येक बाबतीत सल्ला तयार असायचा म्हणून पंत. तिने त्यांना पडदा दाखवला. पंतांनी तो वाचला, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“आणखी कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मग बोलू नकोस. आधी प्रबंध जमा कर, पदवी घे, जागेवर बस. मग काय ते सत्य शोध. जागेवर बसलेल्या माणसाचं सत्य लोक ऐकून घेतात.”

“आणि तोवर?”

“तोवर वार्तापत्र काढ. माझा फोटो मोठा लाव.”

ती उठली आणि सरांकडे गेली. सर उद्याच्या भाषणाचा सराव करत होते. तिने आईच्या फोनपासून सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं, आणि तोच तर वैताग होता. सर ओरडले असते तर तिला वाद घालता आला असता.

“मापिका तज्ज्ञांनी तपासलेली आहे,” सर म्हणाले.

“तज्ज्ञांनी गणित तपासलं, सर. शब्द कुणी बघितलाच नाही.”

“एका घरगुती भांडणावरून तुम्ही शास्त्राबद्दल निष्कर्ष काढताय. थकला आहात तुम्ही. उद्याचा कार्यक्रम होऊ दे, मग बघू. आणि हो, उद्या मापिकेचं प्रात्यक्षिक तुम्ही दाखवायचं. काही काळजी करू नका.”

‘काळजी करू नका’ ऐकून तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ती आपल्या टेबलाशी परत आली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कुलगुरू, त्यांच्या शेजारी सरांच्या पत्नी आणि दोन्ही मुलं. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि नवऱ्याचं भाषण त्या मनापासून ऐकत होत्या. भाषणात घड्याळवाले आजोबा आले, निश्चिंतीचा पुतळा आला, टाळ्या झाल्या. मग तिला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. श्रोत्यांतून कुणी पुढे येईना. सगळे एकमेकांकडे बघत हसत होते. शेवटी सरच ऐटीत खुर्चीवर बसले.

“मलाच विचारा! बघू या मापिका आपल्या जन्मदात्याबद्दल काय म्हणते.”

सभागृह हसलं. ती काही ठरवून आली नव्हती. काल रात्रभर तिने तोंडाला कुलूप लावायचंच ठरवलं होतं, पंतांचं ऐकायचं ठरवलं होतं. तिने पहिली वाक्यं वाचली. झोप लागत नाही? क्वचित. छातीत धडधडतं? क्वचित. मागच्या पडद्यावर बेरीज दिसत होती. मग चौथं वाक्य आलं.

“मला घरच्या माणसांची काळजी असते.”

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. निश्चिंत ठरायचं तर ‘कधीच नाही’ म्हणायला हवं होतं. बाई मान किंचित कलती करून उत्तराची वाट पाहत होत्या. धाकट्या मुलीने तर हात हनुवटीखाली घेतले होते.

“नेहमी,” सर म्हणाले. “अर्थातच, नेहमी!”

टाळ्या पडल्या. बाई लाजल्या. पुढच्या तिन्ही घरगुती वाक्यांना सरांना तेच म्हणावं लागलं, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा थोडा बसत गेला. दहावं वाक्य संपलं तेव्हा पडद्यावरची बेरीज रेघेच्या वर होती आणि खाली ठळक अक्षरं उमटली: चिंताग्रस्त. उपचारांचा सल्ला द्यावा.

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. हसणं ओसरायच्या आत तिने माइक हातात घेतला.

“सर चिंताग्रस्त नाहीत. त्यांची घरच्यांवर माया आहे, आणि आपली मापिका तेच मोजते. ज्याच्या घरचं कुणी उरलेलं नाही, तो म्हणतो ‘कधीच नाही’. त्याला आपण निश्चिंत म्हणतो. घड्याळवाल्या आजोबांचं तेच झालं. मीच त्यांचं उत्तर लिहिलं होतं.”

तिला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं. पंतांनी जोडे पाहिले. सरांनी अलगद तिच्या हातातून माइक घेतला, “आमच्या विभागात किती मोकळं वातावरण आहे, पाहिलंत ना?” म्हणाले, आणि चहाची घोषणा केली. लोक खुर्च्या सरकवत उठले. एवढं सगळं बोलून झाल्यावर तिच्या हातात चहाचा कप आणि एक मऊ पडलेलं बिस्किट आलं.

सोमवारी सरांनी तिला बोलावलं. त्यांनी आकडे पुन्हा तपासले होते, म्हणजे तिच्याच फायली उघडून पाहिल्या होत्या.

“तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे,” ते म्हणाले. हे ऐकायला ती आसुसली होती, पण ऐकून तिला काहीच वाटलं नाही, कारण सर अजून बोलत होते. “अर्थात मग तुमचा प्रबंध उभा राहत नाही. नवी वाक्यं, नवी माणसं, सगळं पहिल्यापासून. पक्क्या जागेची मुलाखत तर पुढच्या महिन्यात आहे. ती काही तुमच्यासाठी थांबणार नाही.”

“आणि पारितोषिक?”

“ते आधीच्या कामाला मिळालंय. ते कसं परत जाईल?” सरांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. “वार्तापत्राचं पहिलं पान तेवढं बदला. हे घाला.”

कागदावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘मापिकेतील भाषिक त्रुटी विभागप्रमुखांनी स्वतः शोधून काढली असून सुधारित आवृत्तीचं काम त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू आहे.’

तिने ते वाचलं आणि तिला हसूच आलं. रडण्याच्या अगदी शेजारी असतं तसलं हसू. स्वतःचं वाटोळं करून तिने खरं शोधलं होतं, आणि तेसुद्धा आता सरांच्या यशात जमा. वर बातमी तिनेच टाइप करायची, कारण भाषा चांगली.

“आज संध्याकाळपर्यंत होईल ना?” सर म्हणाले.

“नाही, सर. मी घरी चाललेय. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.”

“अहो, मग वार्तापत्राचं काय?”

ती दारापर्यंत गेली होती. ती वळली.

“त्याची मला काळजी नाही, सर.”

सरांनी तो शब्द आधी एका अर्थाने ऐकला असावा आणि मग दुसऱ्या. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

बस निघाल्यावर तिने आईला फोन लावला. राग उतरला नव्हता. इतकी वर्षं, इतके जिने, आणि हातात काय, तर एक शब्द. खिडकीला डोकं टेकून तिने पलीकडची घंटी ऐकली. फोन बाबांनी उचलला.

“निघालीस? आणि तुझं ते काम?”

“बुडालं, बाबा.”

बाबा म्हणाले, “बरं. सावकाश ये. मी जिन्यातला दिवा लावून ठेवतो.”

ज्यांना पायरी दिसत नव्हती, ते तिच्यासाठी जिन्यात दिवा लावणार होते. तिने फोन ठेवला आणि मग बसभर कुणी पाहो न पाहो, ती रडली.