बिनमिठाचा भात

माझी जीभ जरा जास्तच चालते, हे मला ठाऊक आहे. बिल्डिंगमध्ये पाणी आलं नाही की लोक आधी माझं दार वाजवतात, कारण टाकीवाल्याशी भांडायला कोणीतरी लागतंच. पण घरात समोरचा माणूस उत्तरच देत नसेल, तर भांडायचं तरी कोणाशी?

हे कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते. जन्मभर पंगतीच्या पंगती जेवू घातल्या. निवृत्त झाले आणि घरात खाणारी तोंडं राहिली दोन. सुरुवातीला ह्यांना अंदाजच येईना. इतका भात शिजवायचे, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना डबे भरभरून दिले तरी उरायचा. मग एक दिवस झारा खुंटीला अडकवला, तो अडकवलाच. खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत हे. "चहा टाकू का?" म्हटलं तर नुसती मान हलवायचे. जेवायला वाढलं तर चार घास चिवडून उठायचे. सदरे ढगळ व्हायला लागले. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चाललाय, हे मला दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

लेकीने फोनवर उपाय सांगितला. "आई, कुत्र्याचं पिल्लू आण. बाबांना कोणाचं तरी करायला हवंय." आणि लगेच तंबी, "पण दुकानातून नाही हं! दुकानातून घेतलं की त्या लोकांच्या धंद्याला खतपाणी. भटक्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतून आण." लेक बापावर गेलेली नाही, माझ्यावर गेली आहे. एकदा सुरू झाली की थांबत नाही.

गेले मी संस्थेत. तिथली बाई फार गोड बोलली. म्हणाली, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघंही वयस्कर. उद्या तुमच्यानंतर त्याचं कोण करणार? मी म्हटलं, "माझ्यानंतर ह्यांचं कोण करणार, ते आधी सांगा." ती हसली, पण कुत्रं काही दिलं नाही.

मग राहिलं दुकान. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, तिथे ह्यांना ओढतच नेलं. आत शिरलं की माशांच्या टाक्यांचा बुडबुड आवाज, वर टांगलेल्या पिंजऱ्यांत पक्ष्यांचा कलकलाट आणि सगळ्यावर फिनेलचा वास. रस्त्याकडच्या दर्शनी काचेला टेकवलेल्या काचेच्या एका मोठ्या पेटीत कागदाच्या कपट्यांवर पाच-सहा पिल्लं लोळत होती. दुकानदार तिशीतला, तोंडात साखर घेऊनच जन्माला आलेला. "या काकू, या काका. कोण घेणार हातात?" मी ह्यांना पुढे ढकललं. त्याने स्टीलच्या डब्यातून एक ओलसर, कोमट रुमाल काढून ह्यांना दिला. "हात पुसून घ्या काका. पिल्लं नाजूक असतात ना."

किती स्वच्छता ही, म्हणून मला कौतुकच वाटलं.

ह्यांनी हात पुसले आणि पेटीत घातले. एक तपकिरी पिल्लू धडपडत उठलं, दुसऱ्याच्या अंगावरून घसरत आलं आणि ह्यांचा तळवा चाटायला लागलं. चाटतंय, बोटं चोखतंय, सोडायला तयार नाही. मीही हात घातला, पण माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"निवडलं बघा त्याने तुम्हाला!" दुकानदार म्हणाला. "आपण त्यांना निवडत नाही काका, ती आपल्याला निवडतात."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ह्यांनी हात वर घेतला, नाकापाशी नेला आणि दुकानदाराकडे बघत राहिले. मला वाटलं, हेही रडतायत आणि लपवतायत. मग कित्येक दिवसांत न ऐकलेला आवाज ऐकू आला. "हे घेऊ या."

घरी येईपर्यंत मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं की पिल्लाने ह्यांना निवडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना तर दोनदा सांगितलं. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं साहेब. कॅन्टीनमध्ये पहिली चव साहेब घ्यायचा, म्हणून. झारा खुंटीवरून खाली आला. कोंबडी उकडायची, तिच्याच पाण्यात भात मऊ शिजवायचा, निववायचा, बोटाने कालवायचा. मीठ नाही. कुत्र्याला मीठ बाधतं म्हणे. साहेब ताटलीवर असा तुटून पडायचा, की पुढचे पाय भातात. हे त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचे आणि मग स्वतःचं ताटही तिथेच मागवून घ्यायचे. पोळीचा तुकडा मोडता मोडता बोलायचे. "अगं, आज भाजी छान झालीय." लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या भाजीला कधी छान म्हटलं नव्हतं ह्या माणसाने! मी पिल्लाचे कान ओढून म्हटलं, "साहेब, तुमच्यामुळे दिवस पालटले हो आमचे."

आठवडाभर चाललं हे कौतुक. मग एका सकाळी साहेब ताटलीपाशी आला, वास घेतला आणि तिथेच बसला. दुपारी थरथरायला लागला. उलटी झाली, मग रक्ताची हगवण. ह्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि मी पुढे, हे मागे, असे आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे धावत सुटलो. धावत म्हणजे आमच्या वयाला जमेल तसं.

डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. सुई टोचताना ह्यांच्याने बघवेना, हे बाहेर बाकावर जाऊन बसले. ती म्हणाली, "आजी, दोन महिन्यांचं सांगितलं असेल तुम्हाला. महिन्याचंसुद्धा नीट नाही हे. आईपासून लवकर तोडलंय. पोटात जंत आहेत, वर संसर्ग. आणि उपासमार झालेली आहे."

"उपासमार? आमच्याकडे?" माझा आवाज चढलाच. "अहो, ह्यांनी भरवून भरवून त्याला गोल केलंय!"

"तुमच्याकडे नाही. दुकानात." तिने सलाइनची नळी नीट केली. मग जरा थांबून विचारलं, "तिथे हात पुसायला रुमाल दिला होता का?"

मी हो म्हटलं.

"कोंबडीच्या सुपात भिजवलेला असतो तो. दिवसभर पिल्लांना खायला देत नाहीत. पोट भरलेलं पिल्लू झोपून राहतं, आणि झोपलेलं पिल्लू कोण घेतं? भुकेलं असलं की गिऱ्हाइकाच्या हाताकडे धावतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण रडत हेच सांगतो, ह्याने आम्हाला निवडलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे उठून त्या साखरतोंड्याच्या थोबाडीत द्यावी, असं वाटलं. पण दाराच्या काचेतून हे दिसले. बाकावर बसलेले, मांडीवर रिकामा टॉवेल. त्याने मला निवडलं, एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस खुर्चीतून उठला होता. ती खोटी होती हे कळलं तर हा परत उठेल का? मी डॉक्टरला हात जोडून म्हटलं, "ह्यांना यातलं काही सांगू नका." ती नाही बोलली. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब गेला. ह्यांच्या हातातच गेला. आम्ही घरी आलो, ह्यांनी ताटली घासली, पुसली, फडताळात ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले.

लेकीचा फोन आला. "आई, मी सांगितलं होतं ना…" मी म्हटलं, "हो बाई, तुझंच खरं. आता ठेव." पण ठेवला कोणीच नाही. पलीकडे ती रडत होती, इकडे मी.

पुन्हा तेच दिवस. नुसती मान हलवणं, चिवडलेले चार घास. उलट आधीपेक्षा वाईट, कारण आता मला माहीत होतं की ह्यांना उठवणारं काहीतरी जगात होतं आणि ते संपलं. मधे दुकानदार रस्त्यात भेटला, तर म्हणे, "काकू, वाईट झालं हो. तशाच रंगाचं दुसरं देतो, काकांना कळणारसुद्धा नाही." भांडले असते तर ह्यांच्या कानावर गेलं असतं, म्हणून मी तशीच पुढे निघाले.

मग एक दिवस भाजी घेऊन घरात पाऊल टाकते, तर स्वयंपाकघरातून कोंबडीच्या सुपाचा वास. हे ओट्यापाशी उभे. मोठं पातेलं, कॅन्टीनच्या सवयीने रटरटणारं. बाई गं, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, गेलेल्या पिल्लासाठी शिजवतायत.

"कोणासाठी हो एवढं?" मी हळूच विचारलं.

"मोठा डबा काढ," हे म्हणाले.

डबा पिशवीत घालून हे जिना उतरायला लागले. मी मागोमाग, पायात घरातल्याच सपाता. गल्लीच्या तोंडाशी हे दुकानात शिरले. दुसरं पिल्लू घेणार, मी मनात म्हटलं. घेऊ देत. परत तीच फसवणूक, परत तेच मरण, पण तोवर जेवतील तरी. खरं सांगते, मी तेव्हा एवढाच हिशेब केला.

दुकानात एक नवं जोडपं उभं होतं. मुलीच्या हातात तो रुमाल. मला तो हिसकावून घ्यायचा होता, पण हे समोर, म्हणून हात आवरला. ह्यांनी कोणाकडे बघितलं नाही. पेटीचं झाकण सरकवलं, डबा उघडला आणि भात आतल्या ताटात ओतला.

"काका! अहो काका, काय करताय!" दुकानदार काउंटरमागून धावला. पण त्या पिल्लांना आता कोण अडवणार? एकावर एक पडून खात होती. आवाज फक्त चपचप. ह्यांनी झारा धरायचा तसा हात पेटीच्या तोंडावर आडवा धरला होता, आणि तो हात बाजूला करायची दुकानदाराची छाती झाली नाही. ताट चाटून पुसून झालं. एक जांभई आली, दुसरी आली. थोड्या वेळात सगळी पिल्लं पोटं वर करून गाढ झोपली.

मुलीने हात आत घातला. बोटं हलवली, चुचकारलं. एकानेही डोळा उघडला नाही. "ही तर येतच नाहीयेत," ती नवऱ्याला म्हणाली.

"पोटं भरलीत त्यांची," हे म्हणाले. "आणि तो रुमाल जरा हुंगून बघ, मुली."

तिने हुंगला. नवऱ्याला हुंगायला दिला. दोघं रुमाल तिथेच ठेवून निघून गेली.

मग त्या दुकानदाराची साखर विरघळली. आम्हाला दाराबाहेर काढलं त्याने, पण ओरडताना त्याचा आवाज चिरकत होता. "मी काय राक्षस आहे का, काकू? पोट भरलेलं पिल्लू विकलं जात नाही. आणि नाही विकलं गेलं तर ते मोठं होतं. मोठं झालेल्याला कोणी घेत नाही. मग त्याचं काय होतं, ते विचारा ना मला! विचारा!"

मी नाही विचारलं. माझ्यासारखी भांडकुदळ बाई, पण नाही विचारलं.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दम लागला तशी मी कठडा धरून उभी राहिले. "तुम्हाला रुमालाचं कोणी सांगितलं? त्या डॉक्टरने?"

"कोणी कशाला सांगायला हवं? हातात घेतला तेव्हाच कळलं. कोंबडीचं सूप. मला नाही कळणार?"

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू किती खुश होतीस," हे म्हणाले. "निवडलं, निवडलं म्हणून सगळ्या बिल्डिंगभर सांगत होतीस. काय बोलणार?"

मी पायरीवर बसले. "अहो, मग माहीत असताना घेतलंत कशाला?"

हे माझ्या शेजारी बसले. रिकामा डबा गुडघ्यावर धरून बराच वेळ त्याचं झाकण लावत राहिले. "भुकेलं होतं गं. मला वाटलं, खायला घातलं की जगेल."

मी तिथेच मोठ्याने रडले. मास्तरीणबाई दार उघडून बघून गेल्या, तरी रडले.

आता दुकानदाराने पेटीला कुलूप लावलंय आणि आम्हाला आत येऊ देत नाही. हे तरीही रोज शिजवतात आणि डबा घेऊन दुकानाच्या काचेबाहेर उभे राहतात. एक पिल्लू होतं, कानाचं टोक पांढरं. हे दिसले की ते उठायचं आणि काचेपाशी यायचं. ह्यांनी तळवा टेकवला की ते आतून काच चाटायचं. रुमाल नव्हता, वास नव्हता, मधे काच होती. एके दिवशी माझ्याच्याने राहवेना. लेक काय म्हणेल ते म्हणो. मी म्हटलं, "घेऊ या का हो ह्याला?"

"घेतलं की त्याची जागा रिकामी होईल," हे म्हणाले. "आणि तो ती रिकामी ठेवणार नाही." पण हात काचेवरून काढला नाही त्यांनी.

काल ते पिल्लू पेटीत नव्हतं. हे वाकून वाकून कोपऱ्यात बघत राहिले. पक्ष्यांच्या पिंजऱ्यांखालीसुद्धा पाहिलं. दुकानदाराने आतून पाठ फिरवली.

"विकलं गेलं असेल," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले. "विकलंच गेलं असेल."

घरी आलो. डबा रोजच्यासारखा भरलेला. मी दोन ताटं घेतली आणि त्यात तोच भात वाढला. ह्यांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघत थांबले. एरवी मी मिठाच्या कणावरून घर डोक्यावर घेते, ते ह्यांना माहीत आहे. मी मीठ मागितलं नाही. खाली मान घालून सगळा भात संपवला, आणि ह्यांनी संपवावा म्हणून समोर बसून राहिले.