दोनशे माणसांची अट

मी एक काच बोलतेय. खिडकीची नाही, आरशाचीही नाही. माझ्या पाठीवर एक मशीद रंगवलेली आहे. लाकडी भिंती, उतरतं छप्पर आणि छपराच्या मधोमध उगवलेला एकच मिनार. गुंडेराव पाटील पोर असताना मला पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "ह्या घराला शिंग फुटलंय की." सगळे हसले. पाटलाचं पोर बोललं की हसायचं, ही इथली रीत.

ते शिंग नाही, सरकारी हुकूम आहे.

माझा जन्म रशियातल्या कझान शहरात, तातार मुसलमानांच्या वस्तीत. शाकिर नावाच्या चिताऱ्यानं मला उलट्या बाजूनं रंगवलं. आधी बारीक रेघा, मग रंग, शेवटी पाठीला चमकता कागद. काम करताना तो पोराला जुनं काहीबाही सांगायचा. झारशाहीच्या हुकमानं त्यांच्या शेकडो मशिदी पाडल्या होत्या. पुढं एका राणीनं बांधायची मोकळीक दिली, पण मशीद कशी दिसावी हेही हळूहळू सरकारच ठरवायला लागलं. मिनार एकच, तोही छपराच्या मधोमध. चर्चपासून लांब हवी. आणि गावात दोनशे पुरुष नसतील तर मशीदच नाही.

"पहार शेवटी येते," शाकिर म्हणायचा. "आधी मोजणारा येतो. चांगले कपडे घालून, गोड बोलत."

"मग गावातले म्हातारे काय करायचे?" पोरगा विचारायचा.

"दाढ्या कुरवाळायचे. म्हणायचे, मोजू दे, मोजल्यानं काय होतंय."

शाकिरचा पोरगा मोठा होऊन मला बरोबर घेऊन हजला गेला. तिथं त्याच्या शेजारी बिदरकडचा एक मुजावर, मशिदीची देखभाल करणारा, उतरला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. निघताना मुजावरानं त्याला चांदीच्या नक्षीची बिदरी डबी दिली, त्यानं बदल्यात मला मुजावराच्या हवाली केलं. अशी मी निजामाच्या राज्यात आले, बिदरजवळच्या कमठाण्याच्या पलीकडच्या एका गावात. मुजावरानं मला मशिदीत टांगलं. शेजारच्या कोनाड्यात मोहरमला मिरवायचे धातूचे पंजे असायचे. गावात त्यांनाच पीर म्हणायचे.

इथं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मोहरम आला की मराठ्यांची, लिंगायतांची पोरं नवसानं फकीर व्हायची. गळ्यात लाल दोरा, खांद्याला झोळी, घरोघरी मागायचं. पंजा उचलायचा मान पाटलाचा. गुंडेरावांची आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्यांच्या आईनं त्यांना पिराच्या ओटीत घातलं, मिसरूड फुटेपर्यंत दर मोहरमला फकीर केलं. मुजावराचा मुलगा चांदसाब त्यांच्याच वयाचा. दोघं एका ताटात प्रसादाचा मलिदा खायचे.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजाम पडला. त्याआधी रझाकारांनी लोकांना छळलं होतं. त्याची भरपाई ज्यांनी कधी कुणाला छळलं नव्हतं अशा मुसलमानांकडून वसूल झाली. चांदसाब विहिरीकडं गेला तो परत आला नाही. नंतर विहीर बुजवली गेली. माती अख्ख्या गावानं टाकली, पण कुणी बुजवली हे कुणालाच माहीत नाही.

बाकीचे हैदराबादेला पळाले. म्हातारा लोहार कासीमचाचा राहिला, आणि चांदसाबची बायको मौलाबी मशिदीची किल्ली कमरेला लावून राहिली.

पुढच्या सुगीला गावातली थोर मंडळी मशिदीच्या अंगणात येऊन बसली. वीरभद्रप्पा तुरीचे व्यापारी, आवाज तुपासारखा.

"मौलाबी, तुमची मानसं किती ऱ्हायली आता गावात?"

शाकिरनं सांगितलेला मोजणारा तो हाच.

"कामून इचारायलाव, अप्पा?"

"मानसंच न्हाईत तर एवढी जागा कोंडून काय उपेग? तुरीला जागा पुरंना झालीय. किल्ली पाटलाकडं द्या. पंजे त्यांच्या घरी ऱ्हातील. मोहरम काय बंद पडत न्हाई."

म्हणजे पीर पाहिजे, पिराची माणसं नकोत.

मौलाबी उंबऱ्यावर बसली. "मोजा की मग. मी एक. लोहार कासीमचाचा दोन. आन तीन हे पाटील."

"मी?" गुंडेराव म्हणाले.

"तुमच्या मायनं तुमाला पिराच्या वटीत घातलंय. काढून घेतलेलं मी तर आयकलं न्हाई. अप्पा, तुमचा थोरला बी फकीर झालता, झोळी मीच शिवल्ती. मोजायचंच तर नीट मोजा. अख्खं गाव भरतंय."

शाकिरनं सांगितलेली दोनशेची अटसुद्धा भरली असती.

कुणी वर बघेना. गुंडेरावांनी मात्र माझ्याकडं बघितलं. तेच पोराचे डोळे. मला वाटलं, हा माणूस आता उठेल आणि म्हणेल, चला, किल्ली तिच्याकडंच राहू द्या.

"जुनं कशाला उकरायलाव, मौलाबी," ते म्हणाले आणि हात पुढं केला.

तिनं किल्ली त्यांच्या हातात दिली नाही. जमिनीवर ठेवली. पाटलाला वाकून उचलावी लागली.

ती गुलबर्ग्याला बहिणीकडं गेली, मागोमाग कासीमचाचाही गाव सोडून गेला. मला बरोबर न्यायला निघाली होती, तर हेच थोर लोक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गावाची निशानी हाय." त्या मोहरमला पाटलांनी पंजा उचलला, पण प्रसादावर फातेहाची दुवा म्हणायला कुणी नव्हतं. मलिदा मुंग्यांनी खाल्ला.

आता छप्पन साल चालू आहे. मी मशिदीतच तुरीच्या पोत्यांमागं तिरकी पडलेय, कोपऱ्यात चीर गेलीय. लोक म्हणतात, हैदराबाद राज्याच्या भाषेप्रमाणं तीन वाटण्या होणार, मराठी, कानडी आणि तेलुगू. परवा बाहेर जीप थांबली. चांगले कपडे घातलेला एक साहेब आत येऊन पोत्यावर बसला. फार गोड बोलत होता.

"पाटीलसाहेब, तुमच्या गावात मराठी माणसं किती?"

गुंडेराव म्हणाले, "कामून इचारायलाव, साहेब?"

मौलाबीचेच शब्द. म्हणताना त्यांनाही ते आठवले असणार, कारण त्यांची नजर पोत्यांमागं मला शोधत होती.

वीरभद्रप्पा हनुवटी कुरवाळत म्हणाले, "मोजू द्या की पाटील. मोजल्यानं काय व्हतंय."

या म्हाताऱ्यांकडं मला काही मागायचं नाही. पोरांनो, तुम्हालाच सांगते. दारात मोजणारा आला की आधी त्याला विचारा, कशासाठी. आणि गुलबर्ग्याला कुणी जाणार असेल तर मला फडक्यात गुंडाळून मौलाबीकडं पोचवा. जाताना वाटेत ती बुजवलेली विहीर लागेल. तिथं थोडं थांबा.