ब्रेकचा पंप

बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी आम्हा दोघा भावंडांना गॅरेजमध्ये उभं केलं आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या छोट्या गाडीकडे बोट दाखवलं. तिच्या पेट्रोल इंजिनाने कधीच मान टाकली होती. ठोकलेल्या एका मोठ्या गाडीतून काढलेलं टर्बो डिझेल इंजिन मागच्या शेडमध्ये होतं. ते हिच्यात बसवा, म्हणाले, काम बघून ठरवतो की गॅरेज कुणी चालवायचं.

मी त्या गॅरेजमध्ये बावीस वर्षं राबले होते. धाकटा आठ महिन्यांपूर्वी आला, शोरूममधली गाड्या विकायची नोकरी गेल्यावर. तेव्हा ठरवायचं काय राहिलंय, असं मी मूर्खासारखं धरून चालले.

दीड महिना इंचाइंचासाठी झगडण्यात गेला. डिझेल इंजिन जड, गाडीचं नाक खाली गेलं, म्हणून मी जाड स्प्रिंगा घातल्या. इंजिन ज्यावर बसतं ते आधार नव्याने वेल्ड केले. टर्बोचा पाइप रेडिएटरला टेकत होता, तो कापून वळवला. आमचे साहेब (धाकट्याला मी साहेबच म्हणते) स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत. वायरिंग मात्र त्याने केलं आणि बरं केलं, खोटं कशाला बोलू?

अडलं ते अल्टरनेटरपाशी. बॅटरी चार्ज करणारा हा डबा डिझेल इंजिनाचा मोठा, तो बाजूच्या पट्टीला घासत होता. एका सकाळी मी स्पेअर पार्ट आणायला गेले, तेवढ्यात साहेबांनी तो काढून जुन्या पेट्रोल इंजिनाचा छोटा बसवला. मापात बसला, बॅटरीही चार्ज व्हायला लागली. गाडी तयार आहे, चार वाजता चक्कर मारायला या, असं बाबांना फोनवर सांगून तो मोकळाही झाला.

मी आत बसून ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट. पेट्रोल इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीनेच ब्रेक हलका होतो. डिझेलमध्ये ती ओढ नसते, त्यासाठी वेगळा पंप लागतो. या इंजिनाचा पंप त्या मोठ्या अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला होता. साहेबांनी तो पंपासकट भंगाराच्या पिंपात टाकला होता.

"नवे पॅड आहेत, ताई. बसतील हळूहळू," तो म्हणाला. मी पंपाचं सांगायला लागले तर म्हणाला की तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही. आणि बाबांना आणायला म्हणून घरी जेवायला निघून गेला.

मला नुसतं गप्प बसायचं होतं. चार वाजता सगळं आपोआप उघड झालं असतं. पण आमच्या फाटकातून बाहेर पडलं की थेट उतार आहे आणि खाली चौक. बाबांच्या त्या गुडघ्यांनी तो ब्रेक दाबला गेला नसता. मी स्वतःला शिव्या घालत पिंपात हात घातला. मोठा अल्टरनेटर बाहेर काढला, तो घासू नये म्हणून त्याची ब्रॅकेट कापून आतल्या अंगाला सरकवली, परत वेल्ड केली, आखूड बेल्ट चढवला, पंपाला तेल नेणारी बारीक नळी जोडली. पावणेचारला बॉनेट बंद केलं. बोट भाजलं होतं ते नळाखाली धरलं.

बाबा एकटेच चक्कर मारून आले. खाली चौकात एक सायकलवाला आडवा आला, म्हणाले, पाय नुसता टेकवला आणि गाडी जागेवर उभी. मग त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं, बंद केलं आणि गॅरेजच्या किल्ल्या साहेबांच्या हातावर ठेवल्या. साहेब जमिनीकडे बघत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, तो पंप मी बसवलाय. याने फेकून दिला होता."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "वेल्डिंग बघितलं की हात कळतो. तुला काय, कुठलाही गॅरेजवाला उद्या ठेवून घेईल. याला कोण ठेवणार?"

माझं कौतुक त्यांनी जन्मात तेवढं एकदाच केलं.

मी माझे पाने पुसले आणि एकेक करून पिशवीत भरायला लागले. साहेब जवळ आले. एक गिऱ्हाईक असंच इंजिन घालून मागतंय, म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "ताई, त्या पंपाला तेल कुठून घेतलंस?"

मी पिशवीची दोरी बांधली.

"बाबांना विचार," म्हटलं. "त्यांना सगळं माहीत आहे."