दाजींचं तेल

उस्तादांनी फिल्टरच्या डब्यावर कटर बसवला आणि सावकाश गोल फिरवला. पत्रा सुटला. आतला कागद ओढून काढून त्यांनी त्याच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर एकेक करून उलगडल्या. विमानाचं तेल बदललं की हे करायचंच असतं. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते तिथे कळतं. घड्यांमध्ये राखाडी, चिकट लगदा बसला होता. उस्तादांनी तो बोटावर घेऊन चोळला, आणि कित्येक महिन्यांनी त्यांना बरं वाटलं.

ही सगळी दाजींची करामत. दाजी म्हणजे उस्तादांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मोटारींच्या गॅरेजमधून त्यांना या हँगरमध्ये आणलं तेही उस्तादांनीच, बहिणीच्या शब्दाखातर. नात्याचा मान म्हणून उस्ताद त्यांना दाजी म्हणायचे, तर आठवड्याभरात अख्खं हँगर दाजी म्हणायला लागलं. डॉक्टरबाईसुद्धा. बाईंच्या दोन सीटच्या विमानाला बावीस वर्षं उस्तादांशिवाय कुणी हात लावला नव्हता, आणि हल्ली त्या आत आल्या की पहिलं विचारत, "दाजी कुठेत?" उस्तादांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात दाजींनी सिंथेटिक तेल आणलं. मोटारींना ते झकास मानवतं, मग विमानाला का नाही? गारठ्यात इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि बाईंनी दाजींना डोक्यावर घेतलं. "बावीस वर्षांत हे कुणाला सुचलं नाही," असं त्या हसत म्हणाल्या. ते उस्तादांच्या फार जिव्हारी लागलं.

सुचायचंय काय त्यात? विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. साधं तेल ते आपल्यात धरून ठेवतं आणि तेल बदललं की घाण बाहेर जाते. निव्वळ सिंथेटिक तेलाला ते जमत नाही; शिसं आत साचत राहतं. हे उस्तादांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. तेल ओतण्याआधी डबा हातात धरून दाजींनी विचारलंही होतं, "चालेल ना, दादा?" उस्ताद म्हणाले होते, "तुम्ही म्हणताय म्हणजे चालेलच की." आणि मूग गिळून वाट बघत बसले.

आज दाजी तापाने घरी होते. उस्तादांना आयतंच फावलं. बाई आत येताना दिसल्या तसं त्यांनी फडकं खिडकीच्या उजेडात सरकवलं.

"दाजी कुठेत?"

"ताप आलाय त्यांना. तुम्ही आधी हे बघा."

बाई वाकल्या, लगद्याला बोट लावून पाहिलं. उस्तादांनी शिशापासून सगळं फोडून सांगितलं. इतकं नीट ते बहिणीच्या लग्नातही बोलले नव्हते.

"अजून काही तास उडवलं असतं, तर तेलाच्या वाटा बुजल्या असत्या. इंजिन हवेतच बसलं असतं," ते म्हणाले. "दाजींना यातलं ओ की ठो कळत नाही, बाई. सांगायला वाईट वाटतं."

वाईट वाटल्याचं चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"तुम्हाला हे आज कळलं?" बाईंनी विचारलं.

उस्तादांना नुसतं हो म्हणणं सोपं होतं. पण हो म्हटलं की ते आणि दाजी एकाच मापाचे झाले असते, आणि तेवढं त्यांच्याच्याने होईना.

"आज कशाला? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

बाईंनी बोट फडक्याच्या कोपऱ्याला पुसलं. पुसून झालं तरी त्या पुसत राहिल्या.

"रविवारी मी लेकीला शेजारी बसवून नेलं," त्या म्हणाल्या. "चाकांखालचे ठोकळे तुम्हीच काढलेत. तिला हातही केलात."

उस्तादांनी कटर उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

"दाजींना बरं वाटलं की इंजिन त्यांनाच उघडायला सांगा."

"बाई, त्यांना कळत नाही म्हणतोय ना मी."

"मग तुम्ही शिकवा," बाई म्हणाल्या. "त्यांना कळलं, की ते मला सांगतील."